गिटारचा कॅपो निवडताना: अंगठा, आवाज आणि काळी चार

माझ्या टेबलावर बीपीचं मशीन, टॉर्च आणि प्रिस्क्रिप्शनचं पॅड यांच्या शेजारी गेली दोन वर्षं आणखी एक वस्तू पडलेली असते. धातूची, काळी, आतल्या बाजूने रबर लावलेली, चिमट्यासारखी. नवे पेशंट तिच्याकडे संशयाने बघतात. एका आजोबांनी तर तोंड घट्ट मिटून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टर, दात काढायचा आहे का हो हा?"

नाही, दात काढायचा नाही. तो गिटारचा कॅपो आहे. आणि तो तिथे ठेवण्यामागे कारण आहे, ते पुढे येईलच.

आजचा लेख या कॅपोवर का, असं तुम्हाला वाटेल. नेहमी मी थायरॉइड, शुगर, ॲसिडिटी यांवर लिहितो. पण गेल्या काही महिन्यांत तीन-चार पालकांनी "मुलाला गिटार आणलीय, आता तो कॅपो मागतोय, कोणता घ्यावा?" असं मला, म्हणजे एका एमडी मेडिसिन झालेल्या माणसाला, विचारलं. ओवे गावात आणि खारघरच्या या बाजूला नव्या इमारतींमध्ये आता बऱ्याच घरांत गिटार दिसते, आणि डॉक्टर वाजवतात ही बातमी कंपाउंडरने पसरवली आहे. मी चांगला वाजवत नाही. पण कॅपो निवडण्यात मी जी चूक केली, तिने मला माझ्या पेशंटबद्दल एक गोष्ट शिकवली. म्हणून लिहितो.

कॅपो म्हणजे काय, पेटीच्या भाषेत

तुम्ही भजनात बसला असाल तर तुम्हाला हे लगेच समजेल. गायक आला की पेटीवाला आधी विचारतो, "पट्टी कोणती?" बुवा सांगतात काळी एक, काळी दोन, पांढरी चार. म्हणजे त्या सुरावर सा धरायचा. गाणं तेच, चाल तीच, फक्त सगळं वर किंवा खाली सरकतं. आमच्या रायगडातले भजनीबुवा रंगात आले की काळी पाचवरून खाली यायला तयार नसतात, हा भाग वेगळा!

पट्टी बदलली की पेटीवाल्याची बोटं वेगळ्या जागी पडतात. हा त्रास वाचवायला स्केल चेंजर पेटी निघाली. तिच्यात पट्ट्यांचा सगळा सांचाच बाजूला सरकवता येतो. बोटं ओळखीच्या जागी, सूर मात्र वेगळा.

कॅपो म्हणजे गिटारचा स्केल चेंजर. गिटारच्या मानेवर धातूचे आडवे पडदे असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. एका पडद्याजवळ कॅपो लावला की सहाही तारा तिथे दाबल्या जातात आणि तारांची लांबी कमी होते. तार आखूड झाली की सूर चढतो. एक पडदा म्हणजे अर्धा सूर, पेटीवरची लगतची पुढची पट्टी. पाचव्या पडद्यावर कॅपो लावला तर तारेची साधारण पाऊण लांबी उरते, सातव्यावर दोन तृतीयांश, आणि बाराव्यावर बरोबर निम्मी, म्हणजे वरचं सप्तक. 'कॅपोटास्टो' या इटालियन शब्दावरून हे नाव आलं.

पेटीवर गाणाऱ्यांसाठी एक छोटा हिशेब देतो, तो मला कुठल्याही पुस्तकात मराठीत मिळाला नाही, मी वहीत मांडला. सी कॉर्डचा आकार आणि कॅपो पहिल्या पडद्यावर: काळी एक. तोच आकार, कॅपो तिसऱ्यावर: काळी दोन. डीचा आकार, कॅपो चौथ्यावर: काळी तीन, ईचा आकार घेतला तर कॅपो दुसऱ्यावर लावूनही काळी तीनच. जीचा आकार, कॅपो पहिल्यावर: काळी चार. जीचाच आकार, कॅपो तिसऱ्यावर: काळी पाच. एवढं कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवलं तरी घरातल्या मैफलीचं काम भागतं.

गिटार घरात कशी आली

गिटार मुलीची. अकरावीत हौसेने घेतली, बारावीत भिंतीवर टांगली, मग ती शिकायला पुण्याला गेली आणि गिटार इथेच राहिली. तारांना गंज चढला. कोविडच्या त्या दोन वर्षांनंतर मला रात्री झोप लागेनाशी झाली होती. पेशंटला मी सांगतो तेच स्वतःला सांगितलं: मोबाइल बंद, हाताला काहीतरी काम. तारा बदलून आणल्या आणि वयाच्या चोपन्नाव्या वर्षी जी, सी आणि डी या तीन कॉर्ड शिकलो.

माझी बायको गाते. गात असे, असं म्हणायला हवं. लग्नाआधी तिने शास्त्रीय गाण्याच्या काही परीक्षा दिल्या होत्या, आणि आमच्या सोसायटीच्या कोजागिरीला तिचं एक गाणं ठरलेलं असायचं. काळी चारमध्ये. मग एका वर्षी वरच्या सुरावर तिचा आवाज चिरकला. पुढच्या वर्षी तिने घसा बसल्याचं कारण सांगितलं. त्यानंतर कोणी आग्रहच केला नाही, आणि मीही नाही. डॉक्टर नवरा असून माझ्या लक्षात आलं नाही की ही बाई चार वर्षं गायलेली नाही.

माझ्या तीन कॉर्ड जमल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, तुझं ते गाणं म्हण ना, मी साथ करतो." ती म्हणाली, "अहो, आता नाही चढत तो सूर."

आता डॉक्टर जागा झाला. पन्नाशीच्या आसपास बाईचा आवाज जड झाला तर पहिल्यांदा थायरॉइड तपासायचं, कारण थायरॉइड कमी झालं की स्वरतंतूंना सूज येऊन आवाज घोगरा होतो. तिचा टीएसएच नॉर्मल आला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने स्वरयंत्र पाहिलं, गाठ नाही, काही नाही. मग उरलं ते साधं कारण: पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, स्वरतंतूंच्या आवरणात बदल होतो आणि बाईचा आवाज थोडा खाली उतरतो. मुलग्यांचा आवाज वयात येताना जवळजवळ एक सप्तक खाली जातो, त्याला आपण 'आवाज फुटला' म्हणतो आणि कौतुक करतो. बाईचा आवाज पन्नाशीत उतरतो तेव्हा तिला वाटतं आपलं गाणं संपलं. संपलेलं नसतं. पट्टी बदललेली असते.

गंमत म्हणजे हे आपल्या संगीतात आधीपासून माहीत आहे. मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर पुरुषांचा आणि बायकांचा तंबोरा वेगवेगळ्या आकाराचा करतात, कारण सा वेगळा असतो. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही घरी पेढे आणले होते, बायकोचं माहेर मिरजेजवळचं.) गायकाला वाद्याच्या मागे फरपटत न्यायचं नसतं, वाद्याने गायकाकडे यायचं असतं. गिटारवर हे काम कॅपो करतो.

म्हणून मी कॅपो मागवला. इंटरनेटवरून, सर्वांत स्वस्त, स्प्रिंगचा. आणि तिथे दोन चुका झाल्या.

पहिली चूक: कॅपो फक्त वर नेतो

मला वाटलं, कॅपो पुढे-मागे सरकवला की सूर वर-खाली होईल. बायकोला काळी चारच्या खाली यायचं होतं. मी जीचा आकार धरून पहिल्या पडद्यावर कॅपो लावला, काळी चार. काढून टाकला, पांढरी पाच. त्याच्या खाली? काही नाही. कॅपो तार आखूडच करू शकतो, लांब करू शकत नाही. हे चौथीतल्या मुलालाही कळलं असतं.

उपाय उलटा आहे. खाली जायचं तर खालच्या सुराचा आकार घ्यायचा आणि तिथून कॅपोने वर चढायचं. डीचा आकार धरला आणि कॅपो तिसऱ्या पडद्यावर लावला की सा पांढरी चारवर येतो. काळी चारपेक्षा तीन पट्ट्या खाली. त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून गुणगुणत बाहेर आली आणि वरच्या सुरावर थांबून माझ्याकडे बघायला लागली. तो सूर लागला होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मग तिने कुकरची शिट्टी मोजायची राहिली म्हणून मला दोष दिला.

दुसरी चूक: अंगठा

आता खरा मुद्दा.

स्प्रिंगचा कॅपो उघडायचा म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखी त्याची दोन टोकं अंगठा आणि बोटांच्या चिमटीत दाबायची. फरक एवढाच की हा चिमटा सहा तारा दाबून धरतो, त्यामुळे स्प्रिंग चांगलीच जोरदार असते. मी उत्साहात होतो. एका गाण्यात दोनदा, एका संध्याकाळी वीस-तीस वेळा कॅपो काढला-लावला. तीन आठवड्यांनी माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या जरा वर, ठणका सुरू झाला. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडताना कळ आली. सहीच्या वेळी पेन घसरलं. स्कूटरची किल्ली फिरवताना मी चक्क डावा हात वापरला.

अंगठ्याच्या मुळाशी एक सांधा असतो, घोड्याच्या खोगिरासारखा. दोन खोगिरं एकमेकांवर उलटसुलट ठेवावीत तसा. त्याच्यामुळेच अंगठा सगळ्या दिशांना फिरतो आणि आपण सुई धरू शकतो. पण या सोयीची किंमत आहे. चिमटीच्या टोकाला तुम्ही एक किलोचा जोर लावला तर तरफेच्या नियमाने अंगठ्याच्या मुळाशी सुमारे बारा किलोचा भार पडतो. हे मोजमाप १९७७ पासून पुस्तकात आहे. मी ते एमडीच्या परीक्षेला वाचलंही होतं. पण वाचणं आणि किल्ली न फिरणं यात अंतर आहे.

आणि तेव्हा मला एक मावशी आठवल्या.

त्या गावातल्याच. साठीच्या. वर्षभरापूर्वी आल्या होत्या, म्हणाल्या, "डॉक्टर, भाकरी थापताना अंगठा धरतो. पीठ मळवत नाही." बाहेर पंचवीस पेशंट बसलेले. मी हात हातात घेतला, उलटसुलट केला, चोळायचं मलम लिहून दिलं आणि म्हटलं, "मावशी, वय झालं आता. सुनेला सांगा." त्या हसल्या आणि गेल्या. पुन्हा आल्या त्या बीपीसाठी, दोनदा. अंगठ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मी तो बरा झाला असं धरून चाललो होतो.

माझा अंगठा दुखायला लागल्यावर पुढच्या वेळी मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दुखतो की. पण तुम्हीच म्हणालात ना, वय झालं." वर्षभर त्यांनी घरात तांदळाची भाकरी केली नव्हती. सून करत होती, आणि त्या बाजूला बसून कोळंबी सोलत होत्या, तेही डाव्या हाताने. घरात त्यांच्या हातच्या भाकरीवरून बोलणी व्हायची, आधी गंमतीने, मग तशी नाही.

मी त्यांना काय करायला हवं होतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही तुमच्या डॉक्टरकडून मागून घ्याल. अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहणं, हाड सांध्यावर हलकेच फिरवून पाहणं, गरज पडली तर एक्स-रे. हा सांधा झिजणं चाळिशी-पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, अगदी नेहमीचं आहे. बरीच माणसं ऑपरेशनशिवाय सावरतात: अंगठ्याला आधार देणारा छोटा स्प्लिंट, फिजिओथेरपिस्टकडून हाताचे व्यायाम, सूज असेल तेव्हा मलम किंवा थोड्या दिवसांचं औषध, आणि मुख्य म्हणजे चिमटीतला जोर कमी करणं. पीठ बोटांच्या चिमटीने नाही, तळव्याने मळायचं. ओले कपडे पिळायचे नाहीत, नळाभोवती गुंडाळून पीळ द्यायचा. बरणीचं झाकण उघडायला रबरी तुकडा. त्यानेही न भागलं तर इंजेक्शन, आणि फारच कमी लोकांना शस्त्रक्रिया.

मावशींना मी स्प्लिंट दिला, कामोठ्याच्या बाजूला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आणि माझा कॅपो टेबलावर आणून ठेवला. तेव्हापासून हाताची तक्रार घेऊन कोणी आलं की मी म्हणतो, "जरा हा चिमटा उघडून दाखवा." ही काही पुस्तकातली तपासणी नाही. पण कोण सहज उघडतो, कोणाचा चेहरा आक्रसतो, कोण अंगठा बाजूला ठेवून तळव्याने दाबतो, हे दोन सेकंदांत दिसतं, आणि मग मला पुढचं विचारायची आठवण राहते. त्या आजोबांचे दात शाबूत राहिले, अंगठा मात्र दुखत होता.

मग कोणता कॅपो घ्यावा?

मी एका शनिवारी दवाखाना बंद ठेवला. पेठपाड्याहून मेट्रोने बेलापूर (ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि माझं आयुष्य सोपं झालं), तिथून हार्बर लोकलने सीएसएमटी, आणि चालत धोबी तलाव. वाद्यांसाठी मुंबईकर पिढ्यानपिढ्या तिथे जातात. फुर्टाडोज हे तिथलं नाव १८६५ पासूनचं आहे. गिटार पाठीवर, लोकलमध्ये. एका कॉलेजच्या पोराने उठून मला जागा दिली. गिटारकडे बघून की केसांकडे, ते कळलं नाही.

गिटार सोबत नेली हे बरं केलं, कारण कॅपो हातात बघून कळत नाही. तो तुमच्या गिटारवर आणि तुमच्या हातात बघावा लागतो. मला जे समजलं ते असं.

सर्वांत साधा असतो इलॅस्टिकच्या पट्ट्याचा. स्वस्त, हलका, दोन-तीनशे रुपयांच्या आत. पट्टा ओढून हुकात अडकवायचा. वर्षभरात इलॅस्टिक सैल होतं, आणि आपल्या कोकणातल्या दमट हवेत त्याहून लवकर. पट्टा ओढायलाही बोटांना जोर लागतो. लहान मुलाच्या पहिल्या गिटारसाठी चालेल, एवढंच म्हणेन.

दुसरा तो स्प्रिंगचा चिमटा. तरुण, धडधाकट हातासाठी हा उत्तम आहे, यात वाद नाही. एका हाताने, एका सेकंदात लागतो. स्टेजवर गाण्यागणिक पट्टी बदलणाऱ्याला हाच हवा. अमेरिकन कायझर आणि डनलॉप यांचे हे चिमटे जगभर वापरले जातात. यातली अडचण अशी की दाब ठरलेला असतो, कमी-जास्त करता येत नाही. स्प्रिंग जास्त कडक असेल तर तारा गरजेपेक्षा जास्त ताणल्या जातात आणि सूर किंचित चढतो. बायको लगेच म्हणते, "बेसूर आहे." मला कधी ऐकू येतं, कधी नाही.

तिसरा प्रकार तरफेचा, म्हणजे लिव्हरचा. अमेरिकेतल्या शब या कंपनीचा कॅपो याचं ठळक उदाहरण. एक छोटा स्क्रू आधी एकदाच फिरवून आपल्या गिटारच्या जाडीप्रमाणे दाब ठरवून ठेवायचा. मग दर वेळी फक्त लिव्हर बंद करायचा, खट् करून बसतो. सोडायलाही जोर लागत नाही. मी हाच घेतला. थोडा महाग आहे, काही हजारांत जातो, पण माझ्या अंगठ्याच्या स्प्लिंटपेक्षा फार नाही.

चौथा नुसत्या स्क्रूचा. दाब अगदी हवा तेवढा ठेवता येतो, सूर फार छान राहतो. लावायला वेळ लागतो आणि छोटा स्क्रू चिमटीत फिरवावा लागतो, पण हलका. घरी बसून एका पट्टीत पाच गाणी म्हणणाऱ्याला काहीच हरकत नाही. याशिवाय जी-सेव्हन्थ नावाच्या ब्रिटिश कंपनीचा एक प्रकार आहे, तो पूर्ण मुठीत धरून दाबायचा, जितका दाबाल तिथेच थांबतो, आणि बाजूची कळ दाबली की सुटतो. इथे जोर चिमटीत नाही, तळव्यात येतो, म्हणून सांधेदुखीवाल्यांनी तो एकदा हातात घेऊन बघावा. मला आवडला. किंमत ऐकून ठेवून दिला.

विकत घेण्याआधी गिटारची मान तपासा. फूटपट्टी घ्या (हो, ही तिसरी पट्टी) आणि तिची कड तारांखाली पडद्यांच्या लांबीने आडवी टेकवा. पट्टी डुगडुगली तर मान गोलसर आहे. स्टीलच्या तारांच्या गिटारची सहसा अशी असते. पट्टी सपाट बसली आणि तारा नायलॉनच्या असतील तर ती क्लासिकल गिटार. तिची मान रुंदही असते, वरच्या टोकाला सुमारे ५२ मिलिमीटर, तर स्टीलवालीची ४३-४४. गोल मानेचा कॅपो सपाट मानेवर लावला की काही तारा नीट दबत नाहीत आणि खरखरतात. शबचं सी-वन स्टीलच्या गिटारसाठी आणि सी-टू नायलॉनसाठी, असं वेगळं मॉडेल असतं ते याचसाठी. पालकांची इथेच फसगत होते, कारण डबीवर फक्त 'गिटार' लिहिलेलं असतं. बारा तारांची गिटार असेल तर तिला जास्त दाबाचा कॅपो लागतो, दुकानदाराला तसं स्पष्ट सांगा.

मग दुसऱ्या आणि पाचव्या पडद्यावर लावून सहाही तारा एकेक करून छेडा. खरखर आहे का? मुकी तार आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, जे दुकानात कोणी करत नाही: कॅपो दहा वेळा लावा, दहा वेळा काढा. पहिल्या वेळी सगळेच कॅपो छान वाटतात. सातव्या वेळी अंगठा खरं सांगतो.

लावताना तो पडद्याच्या अगदी मागे, पण पडद्यावर न चढवता, समांतर लावा. लावल्यावर सूर पुन्हा तपासा. वाजवून झाल्यावर काढून ठेवा. रात्रभर लावलेला राहिला तर रबरावर तारांचे चरे पडतात. पावसाळ्यात गिटार पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड ओल पिऊन फुगतं, तारा पडद्यांपासून उंच होतात आणि बोटं जास्त दुखतात. त्यात मुलाचा आळस नसतो.

मुलांच्या पालकांना

"कॅपो लावणं म्हणजे कॉपी करणं" असं एका वडिलांनी मुलासमोर म्हटलं. तसं नाही. मुलाच्या छोट्या हाताला कॅपो खरंच मदत करतो. मानेच्या टोकाला पडद्यांमधलं अंतर सर्वांत जास्त असतं: नेहमीच्या गिटारवर पहिलं घर सुमारे ३६ मिलिमीटरचं, तर चौथ्या पडद्यावर कॅपो लावल्यावर पुढचं घर सुमारे २९. बोटं तेवढी कमी ताणावी लागतात. स्वस्त गिटारमध्ये मानेच्या टोकाचा तो पांढरा नट बऱ्याचदा उंच असतो, त्यामुळे पहिल्या पडद्यावर तार दाबायला फार जोर लागतो. कॅपो लावला की तो उंच नट बाजूला पडतो आणि तारा खाली येतात. एफची ती कुप्रसिद्ध कॉर्ड, जिच्यापाशी निम्मी मुलं गिटार सोडतात, तिलाही सध्या टाळता येतं. हाताला बळ आल्यावर शिकेल.

बोटांच्या टोकांना सुरुवातीला दुखतं, मग कातडी घट्ट होते. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरे. रक्त येईपर्यंत वाजवणं ही फक्त गाण्याच्या ओळीत शोभणारी गोष्ट आहे.

केव्हा दाखवायला यावं

सकाळी बोट वाकलेल्या अवस्थेत अडकतं आणि टचकन सुटतं, तळव्यात बोटाच्या मुळाशी गाठ लागते: याला ट्रिगर फिंगर म्हणतात. डायबेटिस असणाऱ्यांमध्ये हे जास्त दिसतं. शुगरवाल्यांनी घरी एक करून बघावं, नमस्कारासाठी हात जोडावेत. दोन्ही तळवे आणि बोटं पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर सांध्यांची कातडी आखडते आहे. येताना शेवटचा एचबीए१सी रिपोर्ट घेऊन या.

रात्री अंगठा, पहिली दोन बोटं आणि करंगळीशेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दबते आहे. गिटार वाजवणाऱ्यांचं मनगट फार वाकलेलं असतं, तिथून सुरू होऊ शकतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर अंगठ्याच्या बाजूने कळ गेली तर तो वेगळा आजार, स्नायूच्या दोरीच्या आवरणाची सूज. नव्या आयांना बाळ उचलून उचलून होतो तोच.

आणि आवाजाचं: सर्दी नसताना तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला, विशेषतः तंबाखू, मिश्री किंवा सिगारेट असेल, तर पट्टी बदलू नका. घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आधी स्वरयंत्र बघून घ्यायचं, मग पट्टी ठरवायची, या क्रमाने.

मावशी गेल्या आठवड्यात बीपी दाखवायला आल्या होत्या. १३४/८२. अंगठ्याला स्प्लिंट होता, पण त्या म्हणाल्या फक्त रात्री लावते, दिवसा कामात अडतो. मी म्हटलं चालेल. मग त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या काढून टेबलावर, कॅपोच्या शेजारी ठेवल्या. "तळव्याने थापल्यात," म्हणाल्या, "जाड झाल्यात जरा." खरंच जाड होत्या. दुपारी मी आणि कंपाउंडरने सुक्या जवळ्याबरोबर खाल्ल्या.